मांजरपाटावरचे नानाजी

आर्वीच्या मेन रोडवर माझं काचा-चौकटींचं दुकान होतं, तेव्हा गिऱ्हाइकं मी मनातल्या मनात दोन खात्यांत मांडत असे. काही जण आल्याआल्या पट्टीची रुंदी विचारत. काही आधी बसून घेत आणि तसबिरीतल्या माणसाबद्दल सांगू लागत. पहिल्या खात्यात लग्नाचे फोटो, मानपत्रं आणि देवादिक यायचे, दुसऱ्यात सगळे मेलेले. या दुसऱ्या खात्याला वेळ फार लागायचा, हो-हो करून मान दुखायची. पण दुकान त्यांच्याच जिवावर चालायचं. कुणी गेलं, की वर्षश्राद्धाच्या आत घरात त्याची ऑइल पेंटची मोठी तसबीर लागली पाहिजे, अशी हौस त्या वर्षांत आमच्या तालुक्यात पसरली होती. कपाशी बरी झाली की मेलेल्यांचाही भाव वाढायचा.

तसबिरी रंगवायचे अच्युत मास्तर. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि शाळा सुटली की माझ्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली येऊन बसायचे. दिवसभर पोरांच्या वहीतले पोपट, संध्याकाळी मेलेली माणसं. जिवंत माणूस आपण शेवटचा कधी रंगवला ते आठवत नाही, असं ते म्हणत. तक्रार म्हणून नाही. पाऊस लांबला म्हणावं तसं.

कापडाच्या बाबतीत मात्र हा थकलेला माणूस एकदम हट्टी व्हायचा. मोठ्या घरच्या तसबिरीला वर्ध्याच्या तंबूवाल्याकडचं जाड कापड, बाकीच्यांना गिरणीचा मांजरपाट. घेण्याआधी कापड उजेडात धरायचं, वीण सारखी आहे का पाहायची, अंगठा फिरवून गाठी चाचपायच्या, मग उभं-आडवं ओढून कुठल्या अंगाला जास्त सुटतं ते बघायचं. एक कोपरा भिजवून वाळवायचा, म्हणजे किती आटतं ते कळतं. एकदा एक दुकानदार वैतागून म्हणाला होता, "मास्तर, कापड घेऊन राह्यले का पोरगी पाहून राह्यले?"

मास्तर मला म्हणत, "श्रीधरराव, लोक रंग बघतात. पण रंग बसतो कापडावर. कापड सैल पडलं की मेलेल्याचा गाल लोंबतो, आणि घरचे धरतात मला."

सत्त्याहत्तर सालच्या पावसाळ्यात रोहण्याच्या भागीरथाबाई आल्या. सोबत मुलगा ओमप्रकाश, तहसील कचेरीत कारकून. तिचे यजमान नानाजी आदल्या कार्तिकात गेले होते. नानाजींना मी चांगला ओळखत होतो. बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर टेकत, पाणी पीत. सुपाएवढे कान. टोपी त्या कानांवर टेकायची, डोक्यावर नाही. मी म्हणे, "नानाजी, वारा सुटला आहे, जपून जा, उडून जाल." ते दर वेळी तेवढंच हसत. हेच कान ओमप्रकाशला जसेच्या तसे आले होते. कचेरीतले लोक म्हणत, अर्ज हळू वाचला तरी ओमप्रकाशला बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू जातो.

भागीरथाबाईंनी पिशवीतून फोटो काढला. ग्रामपंचायतीच्या नव्या खोलीसमोर उभी असलेली माणसं; कडेला नानाजी, डोकं तुरीच्या दाण्याएवढं. त्याही दाण्याला दोन कान स्पष्ट होते.

"याच्याहून मोठा फोटो नाही का?" मी विचारलं.

"नाई जी. त्याईले फोटो काढाची लाज वाटे." मग ती पोराकडे न पाहता म्हणाली, "श्रीधरभाऊ, मले त्याईचं तोंड आठवत नाई. आवाज आठवते, खोकला आठवते. तोंड आठवाले गेली का नुसती टोपी दिसते. वर्साच्या आत थे घरात दिसले पायजे. नाई तं पार जातीन थे माह्यातून."

असल्या वेळी काय बोलावं याची माझी दोन-तीन ठरलेली वाक्यं होती. त्यातलं एकही मी वापरलं नाही, एवढं खरं.

मग तिनं खादीच्या कापडाची घडी पुढे सरकवली. "हे त्याईच्या हातचं सूत हाय. मरेपावतर चरखा सोडला नाई. सुताच्या शेवटच्या गुंड्या पेटीत होत्या, ओमले म्हटलं इनून आन. फोटो याच्यावरच काढा मास्तर. स्वताच्या सुतावर थे बराबर येतीन."

मास्तरांनी समजावून पाहिलं. हातसूत कुठे जाड, कुठे बारीक. ताणलं की एकीकडे घट्ट, एकीकडे ढिलं. रंगाला पुढे भेगा जातील. बाई ऐकून घेत होती आणि घडीवरचा हात काढत नव्हती. शेवटी मास्तर म्हणाले, "बरं, ठेवा. पाहतो."

ती दोघं गेल्यावर त्यांनी कापड खिडकीशी धरलं. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग मला हाक मारली.

"यात गाठ नाही," ते म्हणाले.

"असं कसं? हातसूत आहे."

"तेच म्हणतो. एकही नाही."

आता नानाजींचं कातणं मला माहीत होतं. हातभर सूत निघालं की तुटायचं, आणि ते जोडताना ते चरख्याशी असं बोलत की बायका उठून आत जात. त्यांच्या सुताचं कापड म्हणजे गाठींचं शेत झालं असतं. मी दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशला कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. त्यानं आधी चहा संपवला.

"काका, आईले सांगू नका," तो म्हणाला. "विणकरापाशी जाऊन बसाले मले कोन सुट्टी देते? खादी भांडारात गुंड्या जमा केल्या, बदल्यात कापड घेतलं. सारेच तसं करते. आपलंच सूत थे थोडंच इनून देते?"

"मग हे सूत कुणाचं?"

"काय मालूम. असंन कोना म्हाताऱ्याचं. सुताले का नाव राह्यते?"

मी मास्तरांना सांगितलं. मला वाटलं, आता ते सुटकेचा श्वास टाकून मांजरपाट घेतील. पण त्यांनी तोवर कोपरा भिजवून वाळवला होता. कापड कणभरही आटलं नव्हतं. उभं ओढा, आडवं ओढा, सारखंच सुटत होतं. "कुणाचं का असेना," ते म्हणाले, "इतक्या वर्षांत असं कापड माझ्या हाती आलं नाही. बाईचीही मर्जी राहील." आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा त्यांना शीळ घालताना मी ऐकलं.

चौकटीवर ताणल्यावर कापडावर टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज आला. सरस लावला, वर जवसाच्या तेलातला सफेद्याचा हात दिला. श्रावणातल्या दमट हवेत असला हात वाळायला आठवडा खातो. हा दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आत कोरडा. मी म्हटलं तेलात भेसळ असेल. भेसळीच्या तेलानं रंग लवकर वाळत नाही, उलट चिकट राहतो, हे मला माहीत होतं. पण काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं.

मास्तरांनी फोटोवर चौकोन पाडले, कापडावर चौकोन पाडले आणि चौकोनामागे चौकोन कोळशानं चेहरा उतरवला. मी स्वतः पाहिलं. नानाजीच होते. कान चौकटीकडे निघालेले.

मग रंग सुरू झाला, आणि कापड रंग पिऊ लागलं.

रंग पिणं यात नवल काही नाही. सरस कमी पडला की कापड तेल शोषतं आणि रंग विझल्यासारखा दिसतो. पण ते सगळीकडे सारखं होतं. इथे तसं नव्हतं. संध्याकाळी मास्तर नानाजींचे कान रंगवून घरी जात. दुसऱ्या दिवशी येऊन पाहावं तर कानांचा बाहेरचा भाग विझून पार्श्वभूमीत गेलेला, आतली कड तेवढी ओली असल्यासारखी चमकत असलेली. डोक्याला चिकटलेले, लहान, नीटस कान. जबडा रुंद काढला की कडा विझत आणि निमुळती हनुवटी उरे. ओठांवरचा एक फटकारा चुकून लागला होता, पुसायचा राहिला होता. नेमका तोच टिकला. त्यानं तोंड किंचित मिटलेलं दिसू लागलं, बोलायचं थांबवलेल्या माणसासारखं.

"हे मी काढलं नाही," मास्तर म्हणाले.

"मग कोण येतं इथे? किल्ली माझ्याकडे आहे."

"तसं नाही म्हणत. रंग माझाच आहे. फटकारे माझेच आहेत. मी जेवढे मारले त्यातले थोडेच ठेवलेत, एवढंच."

कुणी ठेवलेत, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही. सुरीनं त्यांनी सगळा रंग खरवडला, पुन्हा सरस, पुन्हा सफेदा. पुन्हा तुरीचा दाणा समोर ठेवून चेहरा काढला. पोळा झाला तोवर तोच परका माणूस पुन्हा समोर येऊन बसला होता. या वेळी जरा जास्त स्पष्ट. साठीचा असावा. कपाळाच्या मधोमध देवीचा एक खोल वण. असा वण आमच्यापैकी कुणी काढला नव्हता. त्या जागी रंगच धरत नव्हता.

मी हिशेबी माणूस. मी म्हटलं, मास्तर, मांजरपाट घ्या. त्यांनी घेतला. तोच फोटो, तेच रंग, तेच तेल, तीच खिडकी. दसऱ्याच्या आत नानाजी मांजरपाटावर हजर. कान, जबडा, टोपी, सगळं जागच्या जागी. बघताच मला पायरीवर ठेवलेला पाण्याचा पेला आठवला.

तेव्हा ठरलं ते असं. मांजरपाटावरचे नानाजी काचेत बसवायचे, मागून खाकी कागद चिकटवायचा, म्हणजे कापड कुठलं ते दिसणार नाही, आणि बाईला द्यायचे. तिला नवऱ्याचं तोंड मिळेल. दुसरी चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली.

बाजाराच्या दिवशी दुपारी ती आली. ओमप्रकाशही होता. मी तसबिरीवरचा कागद काढला आणि जरा बाजूला झालो; अशा वेळी घरचे रडतात, आपण मध्ये असू नये.

ती रडली नाही. तिनं बराच वेळ पाहिलं.

"हे कोन व्हय जी?"

"आई!" ओमप्रकाश म्हणाला. "बाबाच तं आहे. कान पाह्य नं."

"कान दिसते मले," ती म्हणाली. "पन हे कोन?"

मास्तर खिडकीपाशी उभे होते. बाई खोलीभर पाहू लागली, घरात कुठे काय ठेवलं ते शोधावं तसं. भिंतीकडे तोंड केलेल्या चौकटीपाशी ती गेली. मी पुढे झालो, पण तिनं ती फिरवली होती.

तिनं डोक्यावरून पदर घेतला.

"किती वाळले," ती त्या परक्या माणसाला म्हणाली. मग आमच्याकडे वळून, ओरडल्यासारखी, "आन् याईले भिंतीकडं तोंड करून ठेवलं तुमी?"

"आई, हे बाबा नाई," ओमप्रकाश म्हणाला. त्याचे ते मोठे कान लालभडक झाले होते. "बाबाच्या कपायाले वन कुठं होता?"

"तू लहान होता. तुले काय मालूम."

"मरून वर्स नाई झालं आई! मी का लहान होतो?"

ती रडत होती आणि हसत होती. इतकी सुखावलेली बाई मी माझ्या दुकानात पाहिली नव्हती. तिला सांगायला हवं होतं का? काय सांगणार? कापड बदललं म्हणून? ओमप्रकाशनं माझ्याकडे पाहिलं, मी मास्तरांकडे, मास्तरांनी ब्रश पुसायला घेतला. मी त्या तसबिरीला चांगली रुंद पट्टी लावून दिली. मांजरपाटावरचे नानाजी राहिले माझ्याकडे.

वर्षश्राद्धाला मी रोहण्याला गेलो. ओसरीवर तसबीर लावलेली, झेंडूचा हार. लोक येत, हात जोडत. मी नजर ठेवून होतो. एकही जण दचकला नाही. तानबा म्हणून नानाजींचे जन्माचे सोबती, एका बांधावर दोघांचं आयुष्य गेलेलं, तसबिरीसमोर बसून होते.

"जमलं का चित्र, तानबाजी?" मी विचारलं.

"जमलं म्हंजे? थोच व्हय. असाच पाहे माह्याकडं, काई बोलाचं असलं का."

"आणि कान?"

"कानाले काय झालं?"

पंगतीत ओमप्रकाश कढी वाढत होता. माझ्या पत्रावळीपाशी वाकून हळूच म्हणाला, "काका, मलेबी आता तसंच वाटाले लागलं. रोज पाहून पाहून. मीच त्या दिवशी चुकलो असंन."

रोज पाहून माणसाला कशाचीही सवय होते. आर्वीला परतताना बसमध्ये मी स्वतःला हेच सांगत होतो आणि ते मला पटतही होतं.

ग्रामपंचायतीचा फोटो अजून मास्तरांकडे होता. परत करायच्या आधी मी तो भिंगाखाली धरला. मास्तरांच्या पेन्सिलीचे चौकोन तसेच होते. कडेचा तुरीचा दाणाही तिथेच होता. त्याचे कान मात्र दिसत नव्हते.

मी भिंग मास्तरांकडे दिलं.

"फोटो जुना आहे," भिंग खाली ठेवत ते म्हणाले. "कडेला ऊन पडलंय. त्या उन्हाच्या डागांना मी कान समजलो."

"मास्तर, मी त्यांना ओळखत होतो."

"मांजरपाटावर माझाच हात चुकला, श्रीधरराव." त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मी वाद घातला नाही. "आता आठवून पाहतो तर मला तोच आठवतो. वणवाला."

त्यानंतर त्यांनी तसबिरी घेणं बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात बदली मागून ते समुद्रपूरकडे गेले. ऐकतो की तिथे मुलांना फक्त फुलदाणी काढायला लावत.

मी मांजरपाटावरचे नानाजी दुकानात गल्ल्याच्या मागे टांगले. गिऱ्हाइकं विचारत, हे कोण? मी सांगे, रोहण्याचे नानाजी. रोहण्याची माणसं असली तर मान हलवत, "नाई जी, हे नोहे." पुढे मी सांगणं सोडलं. कधी कधी दुपारी दुकानात कुणी नसताना मान वळवून तिकडे पाहत असे. माझी आठवण बरोबर आहे, याला तेवढाच एक साक्षीदार होता, आणि तोही मीच टांगलेला.

भागीरथाबाई ऐंशी साली गेल्या. शेवटपर्यंत तसबिरीशी बोलत होत्या, असं कळलं. त्यानंतर ओमप्रकाशची बदली हिंगणघाटला झाली, लग्न झालं, येणं-जाणं तुटलं.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत तो दुकानात आला. अंगानं भरला होता. डोक्या-कानाला मफलर गच्च गुंडाळलेला, हातात लिफाफा. मुलगा झाला होता. सहा महिन्यांच्या बाळाचा फोटो चौकटीत बसवायचा होता. मला बरं वाटलं. पहिल्या खात्यातलं गिऱ्हाईक.

चहा सांगितला. आईच्या गोष्टी निघाल्या. बोलता बोलता त्याची नजर गल्ल्याच्या मागे गेली.

"काका, हे कोन?"

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तो थट्टा करत नव्हता.

"आहे एक जण," मी म्हटलं. "न्यायला कुणी आलं नाही."

"कान तं पाहा याचे! सुपासारखे." तो खळखळून हसला. "असे कान कोनाचे राह्यते का?"

मग लिफाफ्यातून त्यानं फोटो काढला आणि काचेवर माझ्यासमोर ठेवला. दुपट्यातलं गोरंपान बाळ. डोक्याला चिकटलेले, लहान, नीटस कान.

"पाहा काका," तो कौतुकानं म्हणाला. "आजोबावर गेला. आमच्या घरात साऱ्याईचे असेच."

चहा आला. पेला घ्यायला वाकताना त्यानं मफलर सोडला.

मी बाळाच्या फोटोचं माप घ्यायला पट्टी उचलली, आणि त्याच्या कानांकडे न पाहता, मान खाली घालून विचारलं, "रुंद लावू, की साधी?"